अकराव्या खुणेपासून राखाडी

१

रोज सकाळी पावणेआठला मी कॉफीचा कप खिडकीत ठेवते, ओल्या बुटांखाली जुनं वर्तमानपत्र सरकवते आणि फाइल उघडते. ही फाइल म्हणजे आमचा रस्ता. समुद्र गोठला की आमच्या किनाऱ्यापासून होरलाइड बेटापर्यंत नऊ किलोमीटरचा बर्फावरचा रस्ता आम्ही आखतो. दर अर्ध्या किलोमीटरला जुनिपरचं एक झुडूप बर्फात रोवतो आणि त्याला नंबराची पाटी बांधतो. अशा अठरा खुणा. फाइलमध्येही अठरा खुणा, एकीखाली एक. प्रत्येकीच्या तीन-चार ओळी: आज बर्फ किती जाड, किती असायला हवा, खालच्या प्रवाहापोटी किती वजा करायचा. एक जरी खूण बावीस सेंटीमीटरच्या खाली गेली तरी किनाऱ्यावरचं फाटक पडतं. सगळ्या वर असल्या की उघडतं. मधे माणूस नाही.

मधे माणूस नको म्हणून भांडले ती मीच. मेलबर्नला सहा वर्षं शिकून मी एस्टोनियाला परत आले ती काही पगारासाठी नाही. लहानपणी मी या फाटकाशी तासन् तास उभी राहिलेली आहे. कुणाच्या तरी मेहुण्याची गाडी हात हलवून पुढे जायची आणि आजारी बाई घेऊन आलेला माणूस थांबायचा. का, तर फाटकवाल्याला तसं वाटलं. त्या 'वाटलं'चा मला अजून राग आहे. म्हणून मी सगळं प्रोग्रामवर आणलं आणि सगळे आकडे लोकांसमोर ठेवले. कुणीही फोनवर पान उघडावं, अठरा खुणा पाहाव्यात. समुद्र सगळ्यांचा आहे, तर आकडेही सगळ्यांचे.

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: एडिटर ओळींना रंग देतो. आज्ञा निळ्या, आकडे केशरी. आणि माणसाने माणसासाठी लिहून ठेवलेली टीप राखाडी. टीप यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. पण हे रंग केवळ आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी असतात. यंत्राला रंग दिसत नाहीत.

त्या सोमवारी अकराव्या खुणेच्या ओळी राखाडी होत्या.

मला वाटलं, वर कुठेतरी अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं असेल. एक चिन्ह निसटलं की एडिटरचा गोंधळ होतो आणि पुढची सगळी फाइल एका रंगात बुडते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी एकेक अक्षर तपासलं. काही निसटलेलं नव्हतं. दहावी खूण निळी-केशरी, बारावी निळी-केशरी. मधे अकरावी, मार्चमधल्या बर्फासारखी राखाडी.

२

"रंग?" तार्वो म्हणाला. "तू सकाळी सकाळी रंगांवरून माझा जीव खातेस?"

तार्वो आमचा मुख्य. मासे डबाबंद करायच्या जुन्या कारखान्यात आमचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे आणि त्याच्या खोलीला अजून माशांच्या तेलाचा वास येतो. माणूस वाईट नाही. पण प्रत्येक गोष्टीची थट्टा केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

"एडिटर चुकतोय," मी म्हणाले. "का चुकतोय ते कळत नाही."

"माझा बघ." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. काळं अक्षर, पांढरी जमीन. "मी रंग बंद करून टाकलेत. पाच वर्षं झाली. डोकं दुखत नाही की काही नाही."

"म्हणजे चूक झाली तरी तुला दिसायची नाही."

"रस्ता उघडेल का?"

"आकडे चांगले आहेत. अकरावर सत्तावीस."

"मग देवाचे आभार मान आणि कॉफी पी. शनिवारी चोवीस फेब्रुवारी, यंदाचा रस्ता गाड्यांना पहिल्यांदा खुला व्हायचा दिवस. बोट दुरुस्तीला गेलीय, बेटावरची पोरं स्वातंत्र्यदिनाला बँड वाजवायला इकडे येणार, इकडची माणसं तिकडे सासरी जाणार. शनिवारी दहाला फाटक उघडलं नाही ना, तर लोक आपल्यालाच डब्यात भरतील. तेल घालून."

मी दुसरा एडिटर उतरवला. मग तिसरा. तीन वेगळ्या लोकांनी, तीन वेगळ्या देशांत बनवलेले. तिन्हींमध्ये अकरावी खूण राखाडी. मला भीती वाटली नाही. मला राग आला, कुणीतरी आपल्याला मुद्दाम चिडवतंय असं वाटलं की येतो तसा.

मंगळवारी बारावी राखाडी झाली. बुधवारी तेरावी आणि चौदावी.

३

बुधवारी दुपारी मी करून पाहायला हवं होतं ते करून पाहिलं. फाइलची एक प्रत घेतली आणि त्यात दहाव्या खुणेचा आकडा पुसून पाच लिहिला. पाच सेंटीमीटर बर्फावर कुत्रंही जपून चालतं. चाचणीचं फाटक तत्काळ बंद झालं. छान. दहाचा आकडा परत ठेवला आणि अकराव्या खुणेला पाच लिहिला.

फाटक उघडंच राहिलं.

मी शून्य लिहिलं. उघडंच. मी अकराव्या खुणेच्या सगळ्या ओळी खोडून तिथे माझं नाव लिहिलं. राखाडी अक्षरांत 'केर्तु' उमटलं आणि फाटक उघडं राहिलं. यंत्र त्या ओळी वाचतच नव्हतं. एडिटर चुकत नव्हता. तो जे आहे तेच दाखवत होता. चुकत होते माझे डोळे, ज्यांना तिथे टिपेचं चिन्ह दिसत नव्हतं.

इथपर्यंत मी समजू शकत होते. प्रोग्राम बिघडतात. पण मग मी चाचणीचं पान उघडलं, लोकांना दिसतं तसं. अकरावी खूण: सत्तावीस.

हा आकडा कुठून येत होता? फाइलमध्ये तो नव्हता. मी स्वतः खोडला होता.

मी आठवडाभराचे आकडे काढले. अकरा, बारा, तेरा, चौदा: सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. थंडी उणे चौदावरून उणे दोनवर आली, मधे एकदा पाऊस झाला, बाकीच्या खुणा दोन-तीन सेंटीमीटरनी वरखाली झाल्या. या चार हलल्या नाहीत. आणि हे आकडे दोन्ही बाजूंनी आले होते. आमच्या किनाऱ्यावरून एंडेलमामा मोजत जातो, बेटावरून आरे मोजत येतो. दोघांनी वेगवेगळे पाठवलेले आकडे तंतोतंत जुळत होते. सोमवारी मी यालाच पुरावा म्हटलं असतं.

आता मला एकच अर्थ दिसत होता. म्हातारे बसल्या जागी आकडे ठोकत होते.

४

एंडेलमामा, माझ्या आईचा भाऊ, अडुसष्ट वर्षांचा आहे आणि त्यातली चाळीस वर्षं तो बर्फाला भोकं पाडतोय. मी दार न वाजवता आत गेले. तो स्वयंपाकघरात काळ्या पावावर लोणी लावत होता.

"बूट," तो म्हणाला.

"मामा, तू अकराच्या पुढे कधीपासून गेला नाहीस?"

"आज सकाळी गेलो होतो. बूट काढ."

"खोटं बोलू नकोस! रोज सत्तावीस? पाऊस पडला तरी सत्तावीस? तुझ्या आकड्यावर मी शनिवारी शंभर गाड्या सोडणार आहे, मामा. मुलं असणार त्यांत."

त्याने सुरी खाली ठेवली. आमच्याकडे माणूस चिडला की आवाज चढवत नाही, उलट उतरवतो. "मी मोजलं. चौदापर्यंत गेलो, चारी ठिकाणी मापाची आकडी टाकली, सत्तावीस आलं, सत्तावीस पाठवलं. तुझ्या त्या फोनवरून."

"भोकं पाडून?"

त्याने सुरी पुन्हा उचलली.

"मामा. भोकं पाडून?"

"भोकं तयार असतात," तो म्हणाला.

आता हे समजून घ्यायला हवं. एक ते दहा मामाचं, पंधरा ते अठरा आरेचं. मधल्या चार खुणा, अकरा ते चौदा, जो आधी पोचेल त्याच्या. असं कुणी ठरवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. पंधरा वर्षं तसं चालत आलंय. मामा अकराशी पोचला आणि भोक ताजं दिसलं, कडेला ओला चुरा दिसला, की तो समजतो आरे येऊन गेला. खांदे आधीच दुखत असतात. तो नवं भोक पाडत नाही, त्यातच आकडी टाकून आरेचं माप पडताळतो आणि मनात 'बरं झालं' म्हणतो.

"कधीपासून तयार असतात?"

"महिना झाला असेल. आरे सुधारला म्हटलं. पूर्वी तेराच्या अलीकडे यायचा नाही आळशी."

"तू त्याला विचारलंस?"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला आरेच्या घरात शिरून त्याच्या पलंगावर झोपायला सांगितलं. "काय विचारायचं? माणूस काम करतोय ना?"

मी तिथेच उभ्या उभ्या आरेला फोन लावला.

"केर्तु?" आरे म्हणाला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. आरेकाका, अकरा ते चौदा भोकं कोण पाडतं?"

"एंडेल." पलीकडे थोडा वेळ किटलीचा आवाज आला. "गेला महिनाभर. मी म्हटलं म्हाताऱ्याला माझ्या गुडघ्याचं कळलं असावं. त्याला आभार सांग. मी सांगणारच होतो, पण म्हटलं, उगाच कशाला."

मी फोन बंद केला. मामाला सगळं ऐकू गेलं होतं. त्याने लोणी लावलेला पाव परत झाकून ठेवला, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"जानेवारीत मी तुला म्हणालो होतो," तो हळू म्हणाला. "अकराच्या पुढे बर्फ बोलत नाही."

म्हणाला होता. चांगला बर्फ दिवसभर कण्हतो, तडतडतो, लांबून शीळ घालतो. आणि मी, सगळ्या ऑफिससमोर, त्याला म्हणाले होते: बोलणं हा आकडा नाही, मामा. आकडा आण.

मला कुणाचा जास्त राग आला होता, ते मी सांगत नाही.

५

शुक्रवारी दुपारी बाराला आम्ही निघालो. ऊन स्वच्छ होतं. मामाने बर्फगाडी दहाव्या खुणेशी ठेवली. तिथे आम्ही स्वतः गिरमिट चालवलं: एकतीस. पायाखालून लांबवर एक शीळ गेली, दुसरीकडून उत्तर आलं. दहा ठीक होती.

पुढे चालत गेलो. पाचशे पावलांत सगळे आवाज एकेक करून थांबले. बुटांचाही आवाज येईना, कापसावर चालावं तसा. अकराव्या खुणेचं जुनिपर थोडं कलतं होतं आणि त्याच्या मुळाशी भोक होतं. गोल, सुबक. कडेला ओला चुरा.

"आज सकाळी मी आलो नाही," मामा म्हणाला. "आरेलाही तू येऊ नको म्हणालीस."

मी आकडी घेतली. आकडी म्हणजे सेंटीमीटरच्या रेघा आखलेली लोखंडी सळई, टोकाला वळवलेला हूक. भोकातून खाली सोडायची, मग वर ओढायची. हूक बर्फाच्या खालच्या बाजूला अडकला की वरची रेघ वाचायची. मी सोडली, ओढली. अडकली. सत्तावीस.

"आता आपलं पाड," मी म्हणाले.

मामाने दोन हात पलीकडे गिरमिट लावलं. चार वेढे घेतले असतील नसतील, आणि गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं. काळं पाणी वर आलं आणि आमच्या बुटांभोवती पसरलं. मी त्या भोकात आकडी टाकली. नऊ.

भूमितीत मी कच्ची नाही. दोन हातांवर बर्फ नऊ आहे, तर इथे सत्तावीस नसतो. म्हणजे त्या तयार भोकात आकडी सत्तावीसवर अडकत होती ती बर्फाला नाही.

"केर्तु, चल," मामा म्हणाला.

पण मी परत त्या सुबक भोकाशी गेले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण राग मोठा होता. मी आकडी सोडली आणि ओढली. अडकली. या वेळी मी जोर लावला. जिथे अडकली होती तिथून ती माझ्याबरोबर वर आली, अलगद, एक सेंटीमीटर, दोन. मी ढील दिली. ती खाली गेली, आणि सत्तावीसवर थांबली. बरोबर सत्तावीसवर. दुकानदार गिऱ्हाइकासमोर तराजूचा काटा बोटाने जागेवर आणतो तशी.

तेव्हा मला कळलं की सत्तावीसच का. बावीसला रस्ता उघडतो, पण बावीस आले की माणूस पुन्हा मोजतो. पंचवीसलाही एकदा मोजतो. सत्तावीस आले की तो मान हलवतो आणि पुढे जातो. आमच्याबद्दल हे कुणाला तरी ठाऊक होतं.

भोकातलं पाणी क्षणभर काळ्याचं राखाडी झालं. काहीतरी रुंद, सपाट, त्याच्या खालून सरकत होतं आणि सरकायला त्याला फार वेळ लागला.

मामाने मला बखोटीला धरून मागे ओढलं. आम्ही पोटावर पडून दहापर्यंत सरपटत आलो. गिरमिट तिथेच राहिलं.

६

ऑफिसात येताच मी अकराव्या खुणेत नऊ लिहिला. माझ्या बोटाखाली तो राखाडी उमटला. लोकांचं पान: सत्तावीस. फाटक: शनिवारी दहा वाजता उघडणार.

"नऊ," मी तार्वोला म्हणाले. "मी माझ्या हाताने मोजलं. हाताने फाटक बंद कर."

या वेळी तो हसला नाही. त्याने खुर्ची मागे ढकलली. "हाताने बंद करायची सोय कुणी काढून टाकली?"

काढून टाकणारी मीच होते.

"'मधे माणूस नको.' सगळ्यांसमोर भाषण केलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

"मग वीज तोड."

"वीज गेली की दांडी वर जाते. बर्फावर कुणी अडकू नये म्हणून. तेही चांगलंच कलम होतं, तुझंच." त्याने डोळे चोळले. "केर्तु, तुझ्याकडे पुरावा काय? गिरमिट कुठाय?"

"तिथे."

"म्हणजे तू आणि तुझा मामा. आणि विरुद्ध बाजूला महिनाभराचे आकडे, दोन माणसांनी पाठवलेले, सारखे."

"तू ये माझ्याबरोबर! उद्या आठला. पहार घेऊन. तयार भोकात मोजायचं नाही, स्वतः फोडून पाहायचं."

"येतो," तो म्हणाला. "पण नऊ निघाले नाहीत तर दहाला पहिली गाडी माझी. मेर्ये आणि पोरी बसणारेत तिच्यात. मी काय वेडा आहे, पोरींना पातळ बर्फावर घालायला?"

संध्याकाळी मी बेटाच्या गटावर लिहिलं: उद्या येऊ नका, जाऊ नका, अकराच्या पुढे बर्फ नाही. पाच मिनिटांत उत्तरं आली.

'पानावर सत्तावीस आहे, ताई. तूच सांगितलंस पानावर विश्वास ठेवा.'

'कांगारूंच्या देशातून शिकून आलेली आम्हाला बर्फ शिकवणार.'

'बर्फ वितळला नसेल, मॅडमचा मूड वितळला असेल.'

शेवटच्याला एकशेचार जणांनी हसून दाद दिली. मी प्रत्येक नाव वाचलं. त्यांतले निम्मे लोक मला लहानपणापासून ओळखतात.

७

शनिवारी मामा फाटकासमोर उभा राहिला, बर्फावर, हात खिशात घालून. "मी आहे इथे," एवढंच म्हणाला. निळे-काळे-पांढरे झेंडे लावून गाड्या आठपासूनच रांगेत होत्या. बर्फावर गाडीत सीटचा पट्टा लावायचा नसतो, गाडी बुडाली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. लोकांनी तो आधीच सोडून ठेवला होता, उत्साहाने.

दहाव्या खुणेपर्यंत तार्वोने बर्फगाडी चालवली. पुढे आम्ही चालत गेलो. तो वाटेत कशावरून तरी विनोद करत होता आणि मधेच थांबला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला असावा.

गिरमिट तिथे नव्हतं. मामाने पाडलेलं भोकही नव्हतं, तिथे सपाट बर्फ होता. सुबक भोक होतं, कडेला ओला चुरा. मी अडवायच्या आत तार्वोने वाकून आकडी टाकली आणि ओढली.

"सत्तावीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात केवढी सुटका होती! "बघ, केर्तु. बघ ना."

मी बघितलं नाही. मी पहार उचलली आणि दोन हातांवर घाव घातला. दुसरा. तिसऱ्याला पहार आरपार गेली, आणि पाणी वर आलं.

तार्वो त्या तुटलेल्या कडेकडे पाहत राहिला. चार बोटं. आपल्या चार बोटांनी त्याने ती मोजलीही. मग त्याने घड्याळ पाहिलं, आणि मीही पाहिलं. दहा वाजून सहा मिनिटं. सकाळी बर्फगाडी सुरू व्हायलाच दीड तास गेला होता, आम्ही फार उशिरा पोचलो होतो. किनाऱ्याकडे, शुभ्र रेषेवर, दिवे दिसत होते. एक, मागे अंतर ठेवून दुसरा, तिसरा, नियमाप्रमाणे. मामाचं काय झालं ते मला नंतर कळलं. दोघांनी त्याला काखेत धरून बाजूला ठेवलं होतं, अदबीने, 'काका, पान सांगतंय' म्हणत.

तार्वोने बायकोला फोन लावला. "मेर्ये, वळ! मोठं वळण घे आणि मागे जा, थांबू नकोस, वळ!"

फोनमधून पोरींचं गाणं ऐकू येत होतं. "झाली तुझी थट्टा सुरू," मेर्ये म्हणाली.

"मी थट्टा करत नाही!"

"कालही असंच म्हणालास, सासूबाई आल्यात म्हणून. अरे दिसताय की तुम्ही! तिघंही हात करून बोलावताय आणि म्हणे वळ."

तार्वोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत पहार होती. त्याच्या एका हातात फोन होता, दुसरा खाली लोंबत होता. आम्ही दोघंच होतो, आणि आमच्यापैकी कुणीच हात करत नव्हतं.

"मेर्ये," तो ओरडला, "मेर्ये, देवाशप्पथ!" पण तिने फोन पोरींकडे दिला होता आणि पोरी त्याला गाणं ऐकवत होत्या.

मी मागे पाहिलं नाही. मला फार संताप आला होता. महिनाभर आमच्या दुखऱ्या खांद्यांवर, आमच्या संकोचावर, माझ्या त्या सुंदर पानावर विसंबून कुणीतरी उपाशीपोटी वाट पाहत होतं. मी रस्त्याच्या आडवी उभी राहिले आणि बर्फ फोडायला लागले. एका जुनिपरपासून समोरच्या कडेपर्यंत. लांबून दिसेल असा काळा पट्टा हवा होता. कुणाचं ऐकावं न लागणारा, आकडा नसलेला. घाव, घाव, घाव. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझ्या दोन घावांच्या मधे एक घाव पडतो आहे. खालून. मी हात आवरला नाही. मी आणखी जोरात मारत गेले.

मग बर्फ बोलला. एकच मोठा आवाज, कापड फाडावं तसा, उजवीकडून डावीकडे, नजर पोचेल तिथपर्यंत. फट उघडली. हात, दोन हात, चार हात काळं पाणी, आणि त्यावर वाफ.

पहिली गाडी आठव्या खुणेच्या पुढे आली असेल. तिने वळण घेतलं, मोठं, संथ, थांबता थांबता न थांबता. पांढऱ्या दिव्यांच्या जागी लाल दिवे दिसले. मागची वळली, मग तिच्या मागची. सगळी रांग एकेक करून लाल झाली. तार्वो गुडघ्यांवर बसून मोजत होता आणि मोजताना हुंदके देत होता.

८

दहावी खूण, बर्फगाडी आणि घर फटीच्या पलीकडे राहिलं. आम्ही अलीकडे. आता जाण्यासारखी एकच दिशा होती: बेट, साडेतीन किलोमीटर, बारा, तेरा आणि चौदावरून.

तार्वो उठला. त्याने चेहरा पुसला. "मला रंग चालू करायला हवे होते," तो म्हणाला, आणि या वेळी त्यात थट्टा नव्हती.

"चल. अंतर ठेवून चाल. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

तो पोरींची नावं घेत राहिला, वय, शाळा, कुणाला गाजर आवडत नाही ते. हळूहळू त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचेनासा झाला. ओठ तेवढे हलताना दिसत होते. अर्धा किलोमीटर आम्ही असे चाललो.

बाराव्या खुणेशी भोक होतं. तार्वो थांबला. भोकाच्या कडेचा चुरा ओला होता, त्यातून पाणी अजून परत गळत होतं. त्याने आकडी माझ्यापुढे धरली. "मोजू?" त्याचे ओठ म्हणाले. "निदान कळेल तरी."

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि शिवी देऊन, मुठीसकट, भोकात सोडून दिली. लोखंडी सळई, सुटली की सरळ तळाला जाते.

ती गेली नाही. भोकात ताठ उभी राहिली. बर्फाच्या पातळीला कुठली रेघ आली आहे हे वाचायला मला वाकावं लागलं नसतं.

मी न वाचता तार्वोचा हात धरला आणि तेराव्या खुणेकडे चालू लागले.